गावच्या संस्थेला प्रश्न विचारा, पण नेमके : मुंबईकर मंडळांना खुलं पत्र

प्रति,
रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतल्या गावोगावच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि सभासद,
मुक्काम मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई-विरार.

स. न. वि. वि.

गणपतीला आपण गावी याल. आरत्या उरकल्या की एखाद्या दुपारी देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत सभा बसेल आणि वाचनालयाचा, शाळेचा, देवस्थानाचा किंवा आरोग्य मंडळाचा हिशेब वाचला जाईल. त्या सभांतले प्रश्न आता ठरूनच गेलेत. सेवाभावी संस्था आहे तर पगार कसले? बँकेत शिल्लक दिसते तर वर्गणी कशाला? आमच्या आजोबांनी जागा दिली, मग जागा आमची नाही का?

प्रश्न विचारायलाच हवेत, त्यात वाद नाही. आम्ही कोकणातल्या छोट्या संस्थांची दप्तरं, हिशेब आणि धर्मादाय कार्यालयातली कामं पाहतो, आणि आमचं म्हणणं एवढंच की हे प्रश्न भलत्या ठिकाणी विचारले जातात. चहापाण्याच्या पावतीवर अर्धा तास वाद होतो. मयत विश्वस्ताचं नाव अजून सरकारी नोंदीत आहे, संस्थेची ठेव पतसंस्थेत आहे, इमारतीखालची जमीन भलत्याच्याच नावावर आहे, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. संस्था बुडतात त्या तिथे.

रुग्णवाहिकेपासून सुरू करू, कारण मंडळांची ती आवडती देणगी. गाडीवर मंडळाचं नाव, नारळ, फोटो, सगळं साग्रसंगीत होतं. पुढे ती गाडी चालवायची कोणी? आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तास गाडी हजर ठेवायची तर साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण धरून चार. समजा प्रत्येकाला महिना १५ हजार दिले, तर वर्षाला ७ लाख २० हजार. दोन वर्षांत चालकांचा पगारच १४ लाखांच्या वर जातो, आणि यात डिझेल, दरवर्षीचा विमा, पियूसी, टायर आणि ऑक्सिजनचा सिलिंडर धरलेला नाही. योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. खाडीकाठच्या गावात शेड नसेल तर खारी हवा पत्रा खाते ते वेगळंच. मंडळ गाडी देतं, पगाराचा विषय निघाला की 'गावातली पोरं आळीपाळीनं चालवतील' असं ठरतं. पोरं नोकरीधंद्याला लागतात, बॅटरी उतरते आणि गाडी ग्रामपंचायतीमागे उभी राहते. मग सगळे म्हणतात, संस्था निष्क्रिय आहे.

गाडी देण्याआधी उणीव नक्की कुठे आहे ते विचारा. तातडीच्या रुग्णाला १०८ ची सरकारी गाडी २०१४ पासून मोफत आहे. अडचण बहुधा दुसरीकडे असते: आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण, गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयातून किंवा कोल्हापूरहून घरी परत आणायचं माणूस, शववाहिका. त्यासाठी चोवीस तासांची गाडी लागत नाही. दिवसपाळीचा एक पगारी चालक आणि ठरवून घेतलेली भाड्याची गाडी यांत बरंचसं भागतं. पण भाड्याच्या गाडीवर मंडळाचं नाव रंगवता येत नाही, ही गोम आहे खरी.

यातूनच पगाराचा मुद्दा येतो. समाजकार्य करणाऱ्यानं पदरमोड करावी, मोबदला घेतला की सेवेला बट्टा लागतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच्या सदस्यांनी घ्यायच्या शपथांत स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही असं होतं, आणि संस्था माझ्या कुटुंबाची जी तजवीज करील तीत समाधान मानीन असंही होतं. त्यागाची शपथ लिहितानासुद्धा घर कसं चालेल याचा विचार झाला होता. आजच्या ग्रंथपालाला किंवा बालवाडीच्या ताईंना त्याहून जास्त त्यागी असण्याची सक्ती कशासाठी?

आणि काही कामांत तर पगार हेच काम असतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये कासव संवर्धन सुरू केलं. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत हाताएवढा खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. कुत्री-कोल्ह्यांनी आणि चोरट्यांनी गाठायच्या आत ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात त्याच खोलीवर पुरायची, आणि पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस रोज पाहायचं. यात यंत्र नाही, इमारत नाही. पहाटे किनारा तुडवणारा माणूस आहे. अशा कामाच्या ताळेबंदात मानधनाचा आकडा मोठा दिसणारच. तो पाहून 'प्रशासकीय खर्च जास्त' असा शेरा मारणं म्हणजे भातलावणीला मजूर का लावले असं विचारणं झालं. खर्चाची टक्केवारी जरूर पाहा, पण पगार कोणत्या कामाचा, ते काम झालं का, नातेवाइकालाच नेमलंय का, हे आधी विचारा. आणि प्रशासकीय खर्च शून्य दाखवणारी संस्था भेटली तर अधिक सावध व्हा. तिथे खर्च दुसऱ्या शीर्षाखाली लपवलेला असतो, नाहीतर काम होत नसतं.

आता शिल्लक. नफा हा उद्देश नाही म्हणजे वर्षाअखेर खातं रिकामं झालं पाहिजे, असं कायदा कुठेही म्हणत नाही. आयकर सवलत असलेल्या संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करायची, १५ टक्के बिनशर्त मागे ठेवता येते. त्याहून जास्त राखायची असेल तर कारण लिहून विहित अर्ज मुदतीत भरायचा आणि पाच वर्षांत त्या कारणावर खर्च करायचा. 'सभागृहासाठी' म्हणून राखलेले पैसे सभागृहावरच लागले पाहिजेत. वाचनालयाचं सरकारी अनुदान हप्त्यांनी आणि बहुधा उशिरा येतं. मधल्या काळात ग्रंथपालाचा पगार आणि वीजबिल शिल्लकीतूनच जातं. सहा महिन्यांचा खर्च हाताशी असलेली संस्था नीट चाललेली आहे असं समजा.

खरा प्रश्न ठेव कुठे आहे हा. विश्वस्त संस्थेचा पैसा अनुसूचित बँक, टपाल खातं, मान्यता असलेली सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरलेल्या जागीच ठेवता येतो. पतसंस्था त्या यादीत बसत नाही. एखादा टक्का जास्त व्याज, चेअरमन ओळखीचे, आणि शाखा बाजारपेठेतच, म्हणून कोकणातल्या कितीतरी संस्थांच्या ठेवी पतसंस्थांत आहेत. लेखापरीक्षक शेरा मारतो, तो शेरा सभेत कोणी वाचत नाही. पुढे त्यावरून करसवलत अडचणीत येते, आणि पतसंस्थाच अडकली तर मुद्दलही.

जमिनीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या टेबलावरच्या फायलींत सर्वांत जाड फाइल नेहमी जमिनीचीच असते. कोकणातला सातबारा सामाईक. एका गटावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी माणसं हयात नाहीत, बाकीची बोरिवलीपासून दुबईपर्यंत पांगलेली. त्यांतले एक काका सभेत उठून म्हणतात, 'वाचनालयाला माझ्या वाटची पाच गुंठे देतो.' टाळ्या पडतात, पायाही खोदला जातो. काका गेले की त्यांची मुलं आणि चुलतभाऊ येतात. तोंडी दिलेल्या शब्दानं जमीन हलत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली तरी हलत नाही.

रीतसर करायचं तर आधी ताजा सातबारा, आठ-अ आणि सगळे फेरफार काढा. मयतांच्या वारस नोंदी लावून घ्या, इथेच वर्ष जातं. मग वाटप आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी. सामाईकातला न वाटलेला हिस्सा एकटा हिस्सेदार देऊ शकतो, पण संस्थेला मिळतो तो कागदावरचा हिस्सा, कुठली पाच गुंठे ते ठरत नाही. म्हणून वाटप नसेल तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. परगावचा हिस्सेदार कुलमुखत्यारपत्र देणार असेल तर त्यात बक्षीस देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला पाहिजे. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही तशी बक्षीसही देता येत नाही, आणि विश्वस्त संस्था सहसा शेतकरी नसते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. हे न पाहता नोंदवलेली बक्षीसपत्रं पुढे फेरफाराला अडकतात. त्यानंतर दोन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र, मग फेरफार, आणि ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे संस्थेच्या नोंदीत ती मिळकत चढते.

एकदा रीतसर बक्षीसपत्र झालं आणि संस्थेनं ते स्वीकारलं की 'आमच्या आजोबांची जागा' हा विषय संपला. देणाऱ्याच्या वारसाचा त्यावर हक्क राहत नाही. तसाच तो विश्वस्तांचाही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६ प्रमाणे मिळकत विकायला, अदलाबदल करायला, बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तरीही लागते. तळमजल्याचे गाळे अकरा वर्षांच्या करारानं देऊन मोकळी झालेली कार्यकारिणी पुष्कळ गावांत सापडेल. करार मोठ्या उत्साहात होतो, परवानगी कोणाच्या लक्षातच नसते. आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडेच जाते. 'आमची वर्गणी परत द्या' ही मागणी त्यामुळे फोलच.

इथे मंडळांची स्वतःचीही एक गाठ आहे. शाळेची इमारत मुंबईत नोंदलेल्या मंडळाच्या नावावर, शाळा चालवते गावची समिती, आणि गाव समजतं की सगळं गावाचं. दोन्ही संस्था वेगळ्या, दोन्हींची नोंद वेगळ्या कार्यालयात. भांडण झालं की कळतं. एक साधा ठराव आणि लेखी करार दोन्हीकडच्या दप्तरात आताच घालून ठेवा.

बदल अर्ज हा शब्द वर आला. विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मिळकत आली-गेली, की ९० दिवसांत कलम २२ खाली अर्ज द्यायचा. सोबत सभेची सूचना, ती सर्वांना पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, मयताचा दाखला किंवा राजीनामा, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं. हे वेळेवर झालं नाही की साखळी तयार होते. जुना अर्ज प्रलंबित म्हणून पुढचा अडतो, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, पंचवीस वर्षांपूर्वीची नावं राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही, कंपनी देणगी देत नाही. यात कोणी पैसा खाल्लेला नसतो. सूचना घटनेत सांगितलेल्या दिवसांआधी न काढता आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर टाकलेली असते, आणि नाराज सभासद नेमकी तीच हरकत घेतो. उशीर झालाच असेल तर विलंब माफीच्या अर्जासह द्या, पण द्या.

देणगीच्या पावतीबद्दल. नोंदणी असली म्हणजे करसवलत असतेच असं नाही. देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून ८०जीची मान्यता वेगळी घ्यावी लागते, तिला मुदत असते आणि ती नव्यानं करावी लागते. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, लोकांच्या तोंडी 'ऐंशी जी' आहे तेच आम्हीही लिहितो.) सवलत बहुतेक ठिकाणी देणगीच्या निम्म्या रकमेवर, आणि तीही उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. दहा हजार दिले तर पाच हजार वजा, २० टक्क्यांच्या टप्प्यात वाचले हजाराच्या आसपास. नवी करप्रणाली घेतलेल्याला हेही नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर सवलत पूर्ण जाते, वरच्या भागापुरती नव्हे. तांदळाच्या गोणी, पंखे, संगणक दिल्यावरही ती मिळत नाही. एकाच देणगीच्या चार नावांनी चार पावत्या करून द्या, असा आग्रह खजिनदाराला करू नका. तो खोटा हिशेब होतो आणि सही त्याची असते. संस्थेनं देणगीदारांचं विवरण वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरलं, तरच तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघतं. उशिराला दिवसाला २०० रुपये पडतात. म्हणून पॅन विचारला की 'विश्वास नाही का' म्हणून रागावू नये.

'एक हितचिंतक' अशी पावती फाडण्याची आपल्याकडे हौस आहे. निव्वळ धार्मिक देवस्थानाला ते चालतं. शाळा-दवाखान्याच्या संस्थेला निनावी देणग्या एका मर्यादेबाहेर, म्हणजे १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के यांत जे जास्त असेल त्याबाहेर, गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. नाव फलकावर नको असेल तर नका घालू, वहीत मात्र घाला.

परदेशी पैशाची कुजबुजही थांबवायला हरकत नाही. परदेशी देणगी घ्यायला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी लागते. त्यासाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच ठरलेल्या शाखेत उतरतो. वाडीवरच्या वाचनालयाचा यात संबंधच येत नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, मिळवायला नवी संस्था काढू, ही कल्पनाही अशीच फसवी. बाहेरच्या संस्थेला कंपनी पैसे देते ते तीन वर्षांचं काम, करसवलतीची नोंदणी आणि सीएसआर-१ चा (असा निधी घेण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक पाहून. आहे तीच संस्था नीट करा.

मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात गावचा रुग्ण नेताना 'ट्रस्टचं आहे, सगळं फुकट' म्हणून वाद घालू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत आहेत. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आणि शिधापत्रिका सोबत ठेवा, आणि बिल तयार झाल्यावर नव्हे तर दाखल करतानाच समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तातडीच्या रुग्णाचे उपचार कागदासाठी थांबू नयेत.

आपत्तीच्या वेळी मंडळं धावून येतात. पण पुरानंतरच्या चिखलात जुने कपडे उतरवून घ्यायला, निवडायला, वाळवायला माणसं नसतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं तशा वेळी पहिल्या आठवड्यात लागतात ते फावडी, घमेली, गमबूट, पाणी उपसायचे पंप आणि ते चालवायला डिझेल. विहीर आधी उपसायची, मग ब्लीचिंग पावडर. रोजच्या शुद्धीकरणाचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, पुरानंतर जास्त लागतं, ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारून ठरवा. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या सुपाऱ्या पाडल्या, त्यांच्या जागी लावलेल्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. मदतीचा टेम्पो पहिल्या पंधरवड्यात येतो. तिसऱ्या वर्षी रोपांना पाणी घालणाऱ्याची मजुरी कोणी पाठवत नाही.

तेव्हा या गणपतीत सभेत चार कागद मागा: शेड्यूल वनचा ताजा उतारा, मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल शेऱ्यांच्या पानासह, ठेवींच्या पावत्या, आणि इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. नसतील तर आरडाओरडा न करता तारीख ठरवा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. मंडळ स्वतः नोंदलेलं नसेल आणि वर्गणी गोळा करत असेल, तर कलम ४१क खाली परवानगी काढा. आणि यंदाच्या मदतीत वस्तूऐवजी एका माणसाचं मानधन तीन वर्षांसाठी लेखी कबूल करता येईल का, ते कार्यकारिणीत पाहा. रक्कम दर एप्रिलला धनादेशानं जावी. जूनपर्यंत लांबली तर पावसाळ्याचे चार महिने तो माणूस उसनवारीवर काढतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कोकणातल्या छोट्या संस्थांची दप्तरं सांभाळणारे काही कार्यकर्ते